मांडी घालून बसणारा पाय

चालताना मागचा पाय पुढे येतो, तेव्हा त्याचा अंगठा जमिनीच्या किती वरून जातो? जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. आता आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ डोळ्यांसमोर आणा, हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव. तिथला एखादा शेतकरी पहाटे उठतो, उंबरा ओलांडतो, बांधावरून जातो, नांगरलेल्या रानात शिरतो, पाणी दिलेल्या वाफ्यात पाय घालतो आणि घरी येऊन मांडी घालून भाकरीला बसतो. तेवढ्यात दीड सेंटिमीटरचा हा हिशेब त्याच्या पायांनी हजारो वेळा जुळवलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती बघायला माणसं लांबून येतात. ज्या पायांनी येतात त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

बघणारे थोडे लोक आहेत. वैद्यकात ‘भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन’ नावाची एक शाखा आहे; दवाखान्यात तिला ‘पीएमआर’ म्हणतात. या शाखेतल्या डॉक्टरचं खरं काम इतर डॉक्टर ‘आता घरी जा’ म्हणतात तिथून पुढे रंगतं. पाय कापला, जखम भरली, टाके निघाले. पक्षाघातातून जीव वाचला. आता घरी जाऊन हा माणूस करणार काय? न्हाणीत कसा जाणार, एसटीची पायरी कशी चढणार? या प्रश्नांची उत्तरं द्यायला या डॉक्टरला निम्मा इंजिनिअर व्हावं लागतं आणि उरलेल्या वेळात आकडे लिहून ठेवणारा कारकून.

इंजिनिअर का, ते उभं राहून कळतं. चालताना प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. हवेत असताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो, म्हणून अंगठा अडखळत नाही. टाच टेकल्यावर जमीन आपल्याला आपल्या वजनाहून थोड्या जास्त जोराने वर ढकलते. खरी गंमत त्यानंतर आहे. शरीर पायावरून पुढे सरकलं की जमिनीच्या त्या रेट्याची रेषा गुडघ्याच्या पुढून जाऊ लागते आणि गुडघा आपोआप कुलूप घातल्यासारखा ताठ होतो. मांडीच्या स्नायूला तेवढी उसंत मिळते. कृत्रिम गुडघा बसवणारा तंत्रज्ञ नेमकी हीच रेषा शोधत असतो. जोड काही मिलिमीटर पुढे सरकला तर गुडघा ऐन वेळी दुमडतो. फार मागे गेला तर वाकायलाच तयार होत नाही.

ही रेषा शोधायला माणसाने काय काय केलं! १८९१ मध्ये जर्मनीत लाइपझिगला व्हिल्हेल्म ब्राउन हा शरीररचनातज्ज्ञ आणि ओटो फिशर हा गणिती, या दोघांनी एका माणसाच्या अंगाला विजेवर लुकलुकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या, अंधारात त्याला चालवलं आणि कॅमेऱ्यांनी टिपलं. चालणं काही क्षणांचं, नळ्या बांधायला मात्र कित्येक तास. आकडेमोड तर वर्षानुवर्षं पुरली. त्यांच्या ग्रंथाचे भाग १८९५ ते १९०४ पर्यंत निघत होते. आज चालण्याच्या प्रयोगशाळेत अंगावर परावर्तक ठिपके चिकटवतात, जमिनीत दाब मोजणारी पट्टी असते आणि तोच हिशेब संगणक चहा येईपर्यंत करून देतो.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडते. कॅलिफोर्नियात बर्कलीला हॉवर्ड एबरहार्ट नावाचा स्थापत्य अभियंता होता. विमानं उतरतात त्या धावपट्ट्यांवर भार आला की काय होतं, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. १९४४ मध्ये त्या कामातच त्याचा पाय चिरडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पूल आणि रस्ते मोजणाऱ्या माणसाला लाकडी पाय मिळाला, आणि तो किती अडाणीपणे बनवला आहे हे त्याला पहिल्याच दिवसांत कळलं असणार. व्हर्न इनमन या अस्थिशल्यविशारदाबरोबर त्याने माणसाच्या चालीचा अभ्यास सुरू केला. रुग्ण आणि संशोधक एकाच देहात असले की प्रश्न नेमके पडतात. आजच्या कृत्रिम पायांमागचं पुष्कळसं गणित बर्कलीच्या त्या गटातून आलं.

एक नमुना अंगावरच बघा. गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवा, एक जाड दोरीसारखा पट्टा लागेल. कापलेल्या पायाच्या टोकाला भार सोसत नाही, हाड कातडीला आतून टोचतं. हा पट्टा मात्र दाब झेलतो. म्हणून १९५० च्या दशकाअखेर बर्कलीकरांनी कृत्रिम पायाची खोबण अशी घडवली की वजनाचा मोठा वाटा या पट्ट्यावर यावा. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायांत ही युक्ती जगभर रुजली.

योगायोग असा की एबरहार्टचा पाय गेला त्या १९४४ मध्येच, महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. ते आजही चालू आहे. पुढे १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था निघाली. डॉक्टर, तंत्रज्ञ, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, सगळे एका छताखाली. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावातून निघालेल्या माणसाला ही दोन्ही ठिकाणं एका दिवसाच्या टप्प्यात आहेत.

पण तिथून मिळालेला पाय गावात चालतो का? विलायती पद्धतीचा पाय बुटात घालण्यासाठी केलेला असतो. घोटा ताठ, टाच मऊ. सपाट फरशीवर झकास. उकिडवं बसायला गेलं की घोटा वाकत नाही आणि मांडी घालायला गेलं की पाऊल आडवं वळत नाही. चिखलात बूट रुततो, देवळात आणि स्वयंपाकघरात काढावाच लागतो. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हे ओळखलं. टाचेला आणि पुढच्या भागात सच्छिद्र रबर, घोट्याशी लाकूड आणि वरून टायर रिमोल्ड करतात त्या तंत्राने भाजलेली रबरी कातडी, असं अनवाणी चालणारं पाऊल त्यांनी घडवलं. ते सगळ्या बाजूंना वळतं. पुढे पावलावरच्या नळीसाठी एचडीपीई प्लास्टिकचा पाइप वापरात आला, आपल्या रानातल्या तुषार सिंचनाला असतो त्याच जातीचा. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्यामानाने कमी घेतलं जातं, हे मला खटकतं.

आता कारकुनीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. रुग्ण किती सुधारला हे सांगायला जगभर एक जुना तक्ता वापरतात, बार्थेल निर्देशांक. फ्लॉरेन्स महोनी ही डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल ही भौतिकोपचारतज्ज्ञ, दोघींनी १९६५ मध्ये तो छापला. दहा बाबी, एकूण १०० गुण. जेवण, अंघोळ, कपडे, जिना वगैरे. तक्ता साधा आणि उत्तम आहे. पण प्रश्न वाचा: पलंगावरून खुर्चीत जाता येतं का? कमोडवर बसता-उठता येतं का? सपाट जागेवर ५० यार्ड चालता येतं का? महाळुंगे पडवळला एखादा माणूस १०० पैकी १०० घेईल आणि तरीही त्याला गोधडीवरून उठता येणार नाही, पंगतीत बसता येणार नाही, बांध उतरता येणार नाही. तक्त्यात रकाना नसला की अडचण कागदावर उमटत नाही. कागदावर न आलेल्या अडचणीसाठी कुणी पाय घडवत नाही.

म्हणून पुनर्वसनाचा चांगला डॉक्टर पाय लिहून देण्याआधी घर विचारतो. न्हाणीघर कुठे आहे, किती पायऱ्या चढून झोपायला जाता, दूध काढायला उकिडवं बसावं लागतं का. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. प्रमाणपत्रावर प्रत्येकाची टक्केवारी असते. ४० टक्के भरले की सवलतींचं दार उघडतं. ती टक्केवारी सरकारला लागते, हे मान्य. पण ४० टक्के हा आकडा वाफ्यात उभं राहता येतं की नाही, ते सांगत नाही.

जमिनीवरून उठण्याकडे जगाचं लक्ष गेलं ते वेगळ्याच वाटेने. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ जिल अराऊजो या डॉक्टरने एक चाचणी लोकप्रिय केली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की दर आधारामागे एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. २०१२ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची २००२ माणसं होती आणि ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. न उठल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचिकता, तिन्हींची परीक्षा त्या एका हालचालीत होते, इतकंच.

ही चाचणी महाळुंगे पडवळला घ्यायला कसलंच यंत्र लागणार नाही. गुण मात्र जपून वाचावे लागतील. जन्मभर जमिनीवर जेवलेल्या सत्तरीच्या बाईचे सात आणि रिओच्या खुर्चीत वाढलेल्या माणसाचे सात एक कसे मानायचे? आणि दोघांपैकी एकाचा पाय एचडीपीईचा असेल, तर वजा करायचे गुण ठरवताना रबर किती वाकतं तेही मोजावं लागेल.