छंदिष्टांच्या गप्पा

छंद हा मनुष्याचा जिवलग सोबती आहे. पोटासाठी करावयाची कामे संपली, की ज्या गोष्टीकडे मन आपोआप धाव घेते, ती गोष्ट म्हणजे त्याचा छंद. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी गोळा करतो, कोणी गच्चीवरील कुंड्यांतून बाग फुलवितो, तर कोणी पहाटे उठून पाखरांच्या मागे रानोमाळ हिंडतो. एकाच छंदाची माणसे एकत्र जमली, की त्यांच्या गप्पांना बहर येतो. गंमत अशी, की या गप्पा छंदापाशी सुरू होतात, परंतु तेथेच थांबत नाहीत. काल दूरचित्रवाणीवर काय पाहिले, सध्या कोणते पुस्तक हाती आहे आणि आज डब्यात काय आणले आहे, या तीन विषयांवर त्या हटकून येतात.

यात नवल काही नाही. पाहणे, वाचणे आणि खाणे या गोष्टी रोजच्याच. आणि रोजच्या म्हणूनच त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु छंदामुळे ज्याला लक्ष देण्याची सवय जडली आहे, तो या रोजच्या गोष्टींकडेही चौकस नजरेने पाहू लागतो. हे कसे घडते, ते समजण्यासाठी पक्षिनिरीक्षकांच्या एका लहानशा मंडळीची कल्पना करावी.

रविवारी पहाटे गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे, आणि उन्हे चढू लागली की वाटेवरील वडाच्या पारावर बसून फराळ करायचा, असा या मंडळीचा परिपाठ. तिच्यात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एक सुतार आणि त्याचा सातवीत शिकणारा मुलगा आहे, महाविद्यालयात जाणारी एक मुलगी आहे आणि पाखरांची मोठी आवड असलेल्या एक आजीबाईही आहेत. प्रत्येकाजवळ एक वही असते. वहीचा नियम एकच, पण कडक आहे. दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहून पानाचे दोन भाग करावयाचे. जे डोळ्यांनी दिसले ते डाव्या बाजूस, आणि जे नुसते वाटले ते उजव्या बाजूस लिहावयाचे. दूरवर भुर्रकन उडून गेलेला निळा पक्षी खंड्या असेल किंवा नीलपंखही असेल. तेवढ्यावरून डावीकडे ‘खंड्या पाहिला’ असे लिहिता येत नाही. कोणी चूक दाखविली, तर रागवावयाचे नाही, वही दुरुस्त करावयाची.

एके रविवारी सुताराचा मुलगा थोडा हिरमुसला होता. आदल्या रात्री दूरचित्रवाणीवर खंड्याने मिनिटभरात तीन मासे टिपलेले त्याने पाहिले होते. आणि येथे मंडळी दोन तास तळ्याकाठी बसली, तरी खंड्याने एकदाही पाण्यात सूर मारला नाही. टपाल खात्यातील काका म्हणाले, “त्यात खोटे काही नव्हते, पण गाळलेले पुष्कळ होते.” ते एक मिनिट टिपण्यासाठी चित्रण करणारा कित्येक दिवस दबा धरून बसलेला असतो. त्याच्या बसण्याचे चित्र पडद्यावर येत नाही. पडद्यावर येते ते कोणीतरी निवडलेले, कापलेले आणि जोडलेले असते. पक्ष्यांच्या चित्रणाला जे लागू, तेच बातम्यांना आणि जाहिरातींनाही लागू आहे. म्हणून पाहताना ‘काय दाखविले’ याबरोबर ‘काय गाळले असेल’ हाही प्रश्न मनाशी विचारावा.

चित्र हलते, हाही एक प्रकारे मेंदूचाच खेळ आहे. पडद्यावर प्रत्यक्षात स्थिर चित्रे एकामागून एक येत असतात. भारतातील दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे हे मान ठरविण्यात आले. ती इतक्या झपाट्याने बदलतात, की मेंदू त्यांना जोडून घेतो आणि हालचाल दिसल्याचा भास होतो. रंगांचेही तसेच. पडद्यावर पिवळाधमक हळद्या दिसतो खरा, परंतु तेथे भिंग धरून पाहिल्यास पिवळा ठिपका सापडत नाही. लाल, हिरवे आणि निळे एवढेच ठिपके तेथे असतात. लाल व हिरवा प्रकाश एकत्र डोळ्यांत शिरला, की मेंदू त्याला पिवळा म्हणतो.

काकांचे मत दूरचित्रवाणीला फारसे अनुकूल नव्हते. “ही पेटी घरात आली आणि वाचन बाहेर गेले,” असे ते नेहमी म्हणत. परंतु हे मत एकांगी आहे, हे मुलीने त्यांना दाखवून दिले. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. जेथे वर्तमानपत्र जात नव्हते आणि पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती, तेथे हा पडदाच शिक्षक झाला. तेव्हा दोष पेटीचा नव्हे. तिच्यापुढे कसे बसावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

येथे सुताराने आपला अनुभव सांगितला. चिं. वि. जोशी यांच्या कथांतील चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आले. सुतार तेव्हा लहान होता. ती मालिका पाहून तो पोट धरधरून हसला, आणि ही माणसे मुळात एका पुस्तकातील आहेत असे कळताच त्याने वाचनालय गाठले. पडद्याने त्याला पुस्तकाकडे नेले ते असे. मात्र एक गोष्ट त्याला कायमची गमवावी लागली. काकांनी त्या कथा आधी वाचल्या होत्या. त्यामुळे त्यांचा चिमणराव त्यांनी स्वतः मनात घडविलेला होता. सुताराला मात्र पानोपानी दिलीप प्रभावळकरांचाच चेहरा दिसत राहिला. तो चेहरा सुरेख होता, यात शंका नाही. पण तो आयता मिळालेला होता.

वाचनाचे मर्म यातच आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो लहान लहान उड्या मारतो आणि सेकंदाला साधारणपणे तीन-चार वेळा क्षणभर थांबतो. त्या थांब्यांवर टिपलेल्या काळ्या रेघांपासून शब्द, शब्दांपासून अर्थ आणि अर्थापासून चित्र उभे करण्याचे काम वाचकाच्याच मनाला करावे लागते. दुसरे असे, की वाचनाचा वेग वाचकाच्या हाती असतो. न समजलेले वाक्य पुन्हा वाचता येते. आवडलेल्या ओळीपाशी रेंगाळता येते. डॉ. सालिम अली यांचा भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९४१ साली प्रकाशित झाला. तो हाती घेऊन तळ्यावर गेलेला मनुष्य एकदा पानाकडे आणि एकदा पाखराकडे पाहतो. असे पुस्तक एका बैठकीत वाचून संपत नाही, ते जन्मभर पुरते. मारुती चितमपल्ली यांची पुस्तके वाचल्यावर रानातील पाऊलवाटही बोलकी होते, असे आजीबाई म्हणाल्या, त्यातील भाव हाच.

एवढ्यात डबे उघडले. काकांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि लिंबाची फोड होती. सुताराने भाकरी, पिठले आणि कांदा आणला होता. आजीबाईंनी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी आणली होती. मुलीजवळ बिस्किटांचा पुडा होता. “हीसुद्धा पौष्टिकच आहेत,” ती म्हणाली. कारण पुड्यावर गव्हाच्या ओंबीचे चित्र होते. सुताराच्या मुलाने पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचली. पहिला शब्द मैदा, दुसरा साखर आणि तिसरा तेल असा होता. वेष्टनातील खाद्यपदार्थावर घटकांची यादी छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जो घटक सर्वांत जास्त, त्याचे नाव सर्वांत आधी. ओंबीचे चित्र हे ‘वाटणे’ झाले आणि मागची यादी हे ‘दिसणे’ झाले. मुलगी हसली आणि तिने सुताराच्या डब्यातील भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

साध्या डब्यात मोठे शहाणपण साठविलेले असते. शरीराची बांधणी प्रथिनांनी होते, आणि प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनलेली असतात. धान्यात त्यांपैकी लायसीन कमी असते. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, पण मिथिओनीन कमी असते. भाकरीबरोबर उसळ, पिठले किंवा वरण खाल्ले, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. उसळीवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे मटकीतील लोह शरीराला अधिक चांगले शोषून घेता येते. याउलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्या शोषणात अडथळा येतो. नाचणीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि हे प्रमाण तांदूळ व गहू यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. ज्या धान्यांना पुष्कळांनी गरिबाचे अन्न म्हणून बाजूस सारले होते, त्यांच्या सन्मानार्थ संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

मग आजीबाई सहज म्हणाल्या, “मी रोज रात्री टीव्हीपुढे ताट घेऊन बसते. किती जेवले, ते कळतच नाही.” त्याला कारण आहे. पोट भरू लागले, की मज्जातंतू आणि आतड्यांत निर्माण होणारे रासायनिक पदार्थ त्याची वर्दी मेंदूला देतात; परंतु ती पूर्णपणे पोहोचण्यास १५ ते २० मिनिटे लागतात. लक्ष पडद्यात गुंतले असले, तर ती वर्दी ऐकू येत नाही आणि घास पुढे चालूच राहतात. असे जेवणारी माणसे जास्त खातात, आणि त्या जेवणाची आठवण पुसट राहिल्यामुळे पुढच्या वेळीही जास्त खातात, असे अनेक प्रयोगांत आढळून आले आहे.

सुताराच्या मुलाने वहीचे नवे पान उघडले. काल रात्रीचे जेवण डाव्या बाजूस लिहून पाहावे, असे त्याच्या मनात आले. खंड्याने टिपलेले तीन मासे त्याला स्पष्ट आठवत होते; ताटातील भाजी मात्र काही केल्या आठवेना. अखेर त्याने वडिलांना विचारले. सुतार हळूच म्हणाला, “भरली वांगी. तुला आवडतात म्हणून आईने मुद्दाम केली होती. कशी झाली म्हणून तिने विचारले, तेव्हा तू नुसती मान हलविलीस.” मुलाने पेन्सिल खाली ठेवली. पारावर क्षणभर कोणी बोलले नाही.

मग काका आजीबाईंना म्हणाले, “मग तुम्ही जेवताना टीव्ही बंदच का ठेवत नाही?” आजीबाई उत्तरल्या, “बंद केला, तर घरात बोलणारे दुसरे कोणी उरत नाही.” दूरचित्रवाणीविरुद्ध नेहमी तावातावाने बोलणारे काका या उत्तरावर निरुत्तर झाले. पडद्याची गरज कधी कधी आवडीतून नव्हे, तर एकटेपणातून निर्माण होते, हे त्यांच्या वहीत आजवर कोठेच लिहिलेले नव्हते. सुतार म्हणाला, “आजी, दर बुधवारी रात्री आमच्याकडे पान मांडलेले असेल. मुलगा तुम्हाला आणायला येईल.” त्या रात्री घरी गेल्यावर मुलाने आईला वांग्यांविषयी काय सांगितले, ते वहीत नाही, पण ते त्याने सांगितले असणार.

छंद आणि व्यसन यांतील भेद अशा गप्पांतून कळतो. पाहून, वाचून किंवा खाऊन झाल्यावर ज्याविषयी दुसऱ्याला चार शब्द आवडीने सांगता येतात, ते मनुष्याच्या मालकीचे झाले. जे संपल्यावर काहीच आठवत नाही, त्यात मात्र वेळ त्याचा गेला आणि मालकी दुसऱ्याचीच राहिली. दिवसाचे तास सर्वांना २४ च मिळतात. त्यांतील कोणता तास पडद्याला, कोणता पुस्तकाला आणि कोणता ताटाभोवती जमलेल्या माणसांना द्यावयाचा, हे जो जाणतेपणाने ठरवितो, तोच खरा छंदिष्ट होय.