पगार, ओव्हरड्राफ्ट आणि आपण

आमच्या भागात रोवणीच्या तोंडावर धान उसने काढीत. त्याला वाढीदिढी म्हणत. एक खंडी न्यायची, नव्या पिकावर दीड खंडी घालायची. माझ्या आज्याने हे आयुष्यभर केले. दीड खंडी घालून झाल्यावर घरात जे उरे ते उन्हाळ्यापर्यंतही पुरत नसे, आणि पुन्हा त्याच वाड्याची पायरी चढावी लागे. मी घराण्यातला पहिला पदवीधर. प्राध्यापक झालो, पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा वाटले की वाडा सुटला. तो सुटला नव्हता.

आधीची सहा वर्षे तासिका तत्त्वावर गेली. मानधन कधी सहा महिन्यांनी येई, कधी वर्ष उलटे. त्या काळातली उसनवारी डोक्यावर होतीच. कायम झालो तेव्हा बँकेने पगाराच्या खात्यावर तीन लाखांची ओव्हरड्राफ्टची मर्यादा दिली. बहिणीचे लग्न, पुतण्याची फी, गावच्या घराचे छप्पर असे होता होता खाते २,४०,००० रुपयांनी उणे झाले आणि तीन वर्षे जवळपास तिथेच राहिले. पगार आला की आधी खड्ड्यात पडे. पंधरवडा उलटला की मी पुन्हा खड्ड्यात.

ओव्हरड्राफ्ट हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे. कर्जाला हप्ता असतो, शेवटची तारीख असते. ओव्हरड्राफ्टला बहुधा दोन्ही नसतात. रोज जेवढी रक्कम उचललेली असेल तेवढ्यावर रोजचे व्याज मोजतात आणि महिनाअखेरीस ते खात्यातच नावे टाकतात. ते भरले नाही तर मुद्दलात मिळते. २,४०,००० वर १२ टक्क्यांनी महिन्याचे व्याज २,४०० रुपये, तीन वर्षांचे ८६,४००. आणि मुद्दल जागच्या जागी. पासबुकात ही ओळ दर महिन्याला छापून येत होती. मी वर्गात मुलांना आकडे वाचायला शिकवीत होतो आणि ती ओळ मात्र वाचत नव्हतो.

यातून निघण्याचा मार्ग साधा आहे. बँकेला लेखी अर्ज द्यायचा की माझी मर्यादा दरमहा दहा हजारांनी खाली आणा. (अर्ज पाहून काउंटरवरचा माणूस चकित झाला. लोक वाढवून मागायला येतात, म्हणाला.) व्याज वेगळे भरून मुद्दल दहा हजारांनी उतरत गेले तर २४ महिन्यांत फिटते आणि एकूण व्याज सुमारे ३०,००० पडते. बँक तयार नसेल तर तेवढ्याच रकमेचे ठरावीक हप्त्यांचे कर्ज पगारदारांच्या पतसंस्थेतून काढून ओव्हरड्राफ्ट बंद करावा. मात्र खाते बंद केल्याचे पत्र हातात घ्यावे. नाही तर दोन्ही चालू राहतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती मिटवावी. महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास.

अवघड काम बँकेत नव्हते, घरात होते. आपल्याकडे पहिला पगारदार हा साऱ्या भावकीची बँक असतो. ज्यांनी तेंदूपत्ता तोडून आणि बिड्या वळून माझी फी भरली, त्यांना उधळे म्हणण्याचा अधिकार मला नाही. शहरातली पुस्तके सांगतात, खर्च कमी करा. कोणाचा? आईच्या औषधाचा? शेवटी मी घरी सगळ्यांना बसवून पासबुक वाचून दाखवले आणि महिन्याला किती देऊ शकतो ते सांगितले. भाऊ दोन महिने बोलला नाही.

कर्ज वाईटच, असे माझे म्हणणे नाही. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले ते पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांवर. कशासाठी हवे आणि कधीपर्यंत, हे त्या कर्जाला ठाऊक होते.

पगार नसलेल्या घरांची गोष्ट निराळी. तिथे धानाचे चुकारे लांबतात आणि गटकर्जाचा हप्ता लांबत नाही. एका बाईच्या नावे तीन-तीन कंपन्यांची कार्डे मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. सावकारासाठी २०१४ चा राज्याचा कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्याला तारणावर ९ व विनातारण १२ टक्के, इतरांना १५ व १८ टक्के हे दर ठरवून दिले. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. कार्यकर्त्यांनी हे आकडे पाठ ठेवावेत.

आणि जामीनकी. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. सही करताना आपण ओळख देत नाही, पगार देतो. मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी फॉर्म घेऊन आला. मी त्याच्याकडे सहा महिन्यांचे पासबुक मागितले. तो रागावून निघून गेला. परवा पासबुक घेऊन परत आला. अजून सही केलेली नाही. आम्ही दोघे रविवारी बसून ते वाचणार आहोत.