पट्टी आडवी करून पाहा

गेल्या आठवड्यात आपण वक्राखालचं क्षेत्रफळ उभ्या पट्ट्या पाडून काढलं. वरच्या टोकाच्या 'य'मधून खालच्या टोकाचा 'य' वजा करायचा आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज घ्यायची. ही रीत इतकी अंगवळणी पडते, की आकृती कशीही असो, हात उभ्याच रेघा मारू लागतो. आज ती सवय मोडायची आहे.

य² = क्ष हा अन्वस्त घ्या. याचं तोंड वर नाही, उजवीकडे आहे. त्याला छेदणारी रेषा य = क्ष − २. दोघांच्या मध्ये सापडलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ हवं आहे. रेषेवर क्ष = य + २, म्हणून छेदबिंदूंपाशी य² = य + २. यातून य = −१ आणि य = २; बिंदू (१, −१) आणि (४, २). इथे थांबून आकृती काढा. त्याशिवाय पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आधी उभी पट्टी लावू. क्ष ० ते १ असताना तिची दोन्ही टोकं अन्वस्तावरच असतात: वर √क्ष, खाली −√क्ष. क्ष १ च्या पुढे गेला की खालचं टोक रेषेवर येतं. म्हणजे तुकडा एक आणि समाकलनं दोन, त्यात वर्गमुळं. पहिल्याचं उत्तर ४/३, दुसऱ्याचं १९/६, बेरीज ९/२. घाईत ० ते ४ असं एकच समाकलन मांडून √क्ष मधून क्ष − २ वजा केलं, तर १६/३ मिळतात. अन्वस्ताच्या बाहेरचा, डाव्या-खालच्या कोपऱ्यातला ५/६ इतका भाग त्यात फुकट मोजला जातो.

आता पट्टी आडवी करा. तिचं डावं टोक कायम अन्वस्तावर, उजवं कायम रेषेवर. लांबी (य + २) − य². उजव्यातून डावं वजा करायचं, हे विसरलात तर क्षेत्रफळ ऋण येईल. समाकलन होतं य²/२ + २य − य³/३. य = २ ला त्याची किंमत १०/३, य = −१ ला −७/६. वजाबाकी ९/२. वर्गमूळ कुठेही नाही.

उत्तराची खातरजमा करायला समाकलन माहीत नसलेला माणूस उपयोगी पडतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने सिद्ध केलं होतं, की जीवेने कापलेला अन्वस्ताचा तुकडा आतल्या एका खास त्रिकोणाच्या ४/३ पट असतो. त्या त्रिकोणाचा पाया म्हणजे जीवा, आणि शिरोबिंदू जिथली स्पर्शिका जीवेला समांतर असते तिथे. उरलेल्या जागेत तो पुन्हा पुन्हा त्रिकोण बसवत गेला; दर फेरीची भर आधीच्या फेरीच्या पाव, म्हणून १ + १/४ + १/१६ + … = ४/३. आपल्या आकृतीत तो शिरोबिंदू (१/४, १/२), त्रिकोणाचं क्षेत्रफळ २७/८. त्याची ४/३ पट केली की ९/२.

आडवी पट्टी दर वेळी सोयीची नसते. य = क्ष² आणि य = क्ष + २ घेतलंत, तर उभीच बरी. समाकलन मांडण्याआधी एवढंच बघा, की पट्टीची टोकं मधेच एका वक्रावरून दुसऱ्यावर उडी तर मारत नाहीत ना. मारत असतील तर दिशा बदला.

सरावासाठी य² = ४क्ष आणि य = २क्ष − ४ घ्या. उत्तर ९ यायला हवं. आर्किमिडीजच्या त्रिकोणानेही पडताळून बघा.