उणे दहाची बॅग आणि आपली थंडी

हिवाळा तोंडावर आला की ट्रेकिंगच्या दुकानांत स्लीपिंग बॅगांचे ढीग लागतात. प्रत्येक पिशवीवर एक आकडा ठसठशीत छापलेला असतो: ५, ०, −१०. खिसा हलका असलेलं गिऱ्हाईक साहजिकच सगळ्यांत कमी तापमान आणि सगळ्यांत कमी किंमत शोधतं. ‘उणे दहाची बॅग, म्हणजे उणे दहातही गाढ झोप’ हा त्यामागचा हिशेब. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज तो हाच.

युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅगांसाठी ‘ईएन १३५३७’ हे मानक आलं आणि २०१६मध्ये त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ने घेतली. या चाचणीत आतून तापवलेला, थर्मल आणि मोजे घातलेला माणसाएवढा पुतळा चांगल्या मॅटवर बॅगेत निजवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने निघून जाते ते मोजतात. त्यातून तीन महत्त्वाचे आकडे येतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे एखादी सर्वसाधारण स्त्री ज्या तापमानात हातपाय सैल सोडून झोपू शकेल ते. ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव तगेल, पण झोप येणार नाही आणि हिमबाधेचा धोका राहील ते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत यांपैकी कोणता आकडा छापायचा, ते विकणारा ठरवतो. तेव्हा आतल्या बारीक अक्षरांतला ‘कम्फर्ट’ शोधावा. थंडी लवकर वाजणाऱ्यांनी तर फक्त तोच वाचावा. तीन आकडे नसून एकच असेल आणि मानकाचा उल्लेखही नसेल, तर तो आकडा सजावट समजायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. सह्याद्रीत उणे दहा लागतं कुणाला? कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हा ढोबळ नियम लावला तरी आपल्या डोंगरांतल्या नेहमीच्या हिवाळी रात्रींना ५ ते १० अंश कम्फर्टची बॅग पुरते. तेवढ्यासाठी दोन किलोंचं बोचकं पाठीवर वाहणं म्हणजे पैसे देऊन हमाली.

‘जितकं उंच, तितकं गार’ हेही पूर्ण खरं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं छापून येतात. त्याच पहाटे गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडते आणि गार, जड हवा खोलगट जागी साचते. म्हणून तळ्याकाठच्या मऊ गवतात तंबू ठोकण्यापेक्षा जरा वरच्या, झाडाखालच्या जागी झोपणारा फुकटात दोन-चार अंश कमावतो. गुहेत किंवा देवळाच्या ओसरीवर उघडं आभाळ अडतं, तोही फायदाच. बॅग निवडण्याआधी जागा निवडायला शिकलं, तर बजेटवरचा ताण बराच कमी होतो.

‘थंडी वाजली, म्हणजे बॅग पातळ.’ बहुतेक वेळा दोष बॅगेचा नसतो, खालच्या बाजूचा असतो. बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. ती भरणात अडकलेल्या हवेच्या जोरावर तुमचीच उष्णता धरून ठेवते. पाठीखालचं भरण अंगाच्या वजनाने चेपलं की त्यातली हवा जाते आणि तेवढ्या भागात बॅग जवळपास निरुपयोगी होते. तिथे काम करते ती मॅट. मॅट उष्णतेला किती अडवते ते ‘आर-व्हॅल्यू’ने मोजतात. साध्या फोमच्या कॅरीमॅटची आर-व्हॅल्यू दीड ते दोनच्या आसपास असते. ती सह्याद्रीला चालते, बर्फावर नाही. बर्फावर चारच्या पुढे हवी. गंमत म्हणजे आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते: दोन फोम मॅट एकावर एक टाकल्या की दोन्हींची मिळून. याउलट नुसत्या हवेने फुगणारी जाडजूड गादी दिसायला ऐसपैस असते, पण आतली हवा फिरत राहून अंगातली ऊब जमिनीला पोचवते. माझ्या मते हात आखडता असेल तर आधी चांगली मॅट घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बॅग बसवावी. दुकानात बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पाठीखालचं भरण वायाच जात असेल तर ते वाहायचं कशाला, या विचारातून क्विल्ट आली. पाठीचा भाग आणि टोपी काढून टाकलेली ही रजई पट्ट्यांनी मॅटला अडकवतात. ‘क्विल्ट म्हणजे अर्धवट बॅग’ म्हणून तिला नाकं मुरडणाऱ्यांनी तिचं वजन करून बघावं. अर्थात तिच्यासोबत कानटोपी अनिवार्य, आणि झोपेत सारखी कूस बदलणाऱ्याला कडेने वारा लागणार हेही खरं. चाचपून बघायला खर्च शून्य: घरातल्या जुन्या बॅगेची चेन पूर्ण उघडा, पायाकडचा भाग तेवढा बंद ठेवा आणि एक रात्र गच्चीवर काढा. जमलं तर पुढचा विचार. घरची गोधडी किंवा घोंगडी मात्र क्विल्टची जागा घेऊ शकत नाही. घोंगडीची लोकर दमट झाली तरी बरीच ऊब देते, पण दोन्ही वजनाला भारी, आणि सुती गोधडी एकदा ओलावली की सुकता सुकत नाही. गावात मुक्कामाला उत्तम, सॅकमध्ये नको.

डाऊन, म्हणजे बदक-हंसांच्या पिसांखालच्या मऊ लवेबद्दलही बराच गोंधळ असतो. ‘८०० फिल पॉवर’ म्हणजे जास्त गरम बॅग नव्हे. एक औंस डाऊन फुगून किती घनइंच जागा व्यापतं, एवढंच तो आकडा सांगतो. आत डाऊन किती ग्रॅम आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ८०० पॉवरचं ३०० ग्रॅम आणि ६०० पॉवरचं ४०० ग्रॅम यांची ऊब साधारण सारखीच. फरक १०० ग्रॅमचा, म्हणजे अर्धा पेला पाण्याचा. तेवढ्यासाठी किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. हंसाचं डाऊन बदकापेक्षा गरम हेही तसंच. फिल पॉवर सारखी असेल तर पक्षी कोणता याने फारसं काही बिघडत नाही. डाऊनचा खरा शत्रू ओलावा. भिजलं की त्याचे गोळे होतात आणि ऊब संपते. ‘वॉटर-रेझिस्टंट’ डाऊनही जलरोधक नसतं. पावसाळ्यात आपल्याकडे सिंथेटिक भरणच शहाणपणाचं. ते जड असतं, वर्षागणिक दबतं, पण स्वस्त असतं आणि ओलं झालं तरी थोडीफार साथ देतं.

कपडे काढून झोपलं की बॅग जास्त तापते, ही समजूत अजून टिकून आहे. कोरडे, सैल कपडे म्हणजे आणखी एक थर. त्याने ऊब वाढतेच. घामेजलेले कपडे तेवढे बदलावेत. लायनरने, म्हणजे बॅगेच्या आत घालायच्या पातळ खोळीने, दहा अंश वाढतात असंही विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात दोन-चार वाढले तरी पुष्कळ. लायनरचा खरा उपयोग बॅग मळू न देणं हा. दारूने ऊब येते हा तर भ्रमच: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि उष्णता आणखी वेगाने निघून जाते.

हिमालयातल्या बर्फातल्या एका ट्रेकसाठी महागडी बॅग विकत घेऊ नये. बहुतेक आयोजक बॅग देतात, आणि मनालीसारख्या ठिकाणी ती भाड्यानेही मिळते. वापरलेली बॅग स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावी, फक्त ती पिशवीतून काढून तासभर मोकळी पसरायला लावावी. नंतर उजेडासमोर धरून बघावी: भरण एका बाजूला गोळा झालंय का, कुठे नुसतंच कापड दिसतंय का. चेन दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत फिरवावी आणि नाक लावून वास घ्यावा. कुबट वास येत असेल तर पैसे परत खिशात. घरी आणल्यावर ती आवळून लहान पिशवीत कोंबून ठेवू नये. कपाटात सैल टांगावी किंवा मोठ्या सुती पिशवीत मोकळी ठेवावी.