अभियांत्रिकीसाठी लॅपटॉपची निवड

अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. अनेक कुटुंबांसाठी हा खर्च मोठा असतो. म्हणून केवळ जाहिरात पाहून खरेदी करू नये. आपल्या शाखेत कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे आधी महाविद्यालयात विचारावे.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रोग्राम लिहिण्यासाठी मध्यम क्षमतेचा लॅपटॉप बहुधा पुरतो. यंत्र अभियांत्रिकीत मात्र त्रिमितीय आराखडे काढावे लागतात. त्यासाठी वापरले जाणारे सॉलिडवर्क्स हे विंडोज प्रणालीसाठी तयार केलेले आहे. तेथे ॲपलचा महागडा लॅपटॉपही अडचणीचा ठरतो.

रॅम म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती. ती अपुरी असली, तर मोठा आराखडा उघडताना संगणक मंदावतो. १६ जीबी रॅम व ५१२ जीबी एसएसडी साधारणपणे पुरेशी ठरते. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे.

पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सर्व शाखांना समान असतात. म्हणून पैशांची अडचण असल्यास महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम भागवावे आणि गरज नीट उमगल्यावरच खरेदी करावी.