कोणाच्याच इतिहासात न मावलेला माहूरगड

हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, कुणी ‘माहूरला जाऊन आलो’ म्हटले की ऐकणारा रेणुकामातेच्या प्रसादासाठी हात पुढे करतो. किल्ल्याची चौकशी कुणी करत नाही. साडेतीन शक्तिपीठांतले एक पीठ, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर यांच्या वर्दळीत शेजारच्याच डोंगरावरचा माहूरगड ऊर्फ रामगड मागे पडला आहे. नांदेड-लातूरकडचे किल्ले आठवले तर कंधार, औसा, उदगीर अशी भुईकोटांचीच नावे ओठांवर येतात. माहूर तेवढा डोंगरावरचा. ‘आडबाजूचा किल्ला, तिथे घडणार तरी काय?’ असे म्हटले की सहसा विषय मिटतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. माहूर आडबाजूला नव्हता, तो सरहद्दीवर होता. सरहद्दीवर होता म्हणूनच बांधला गेला, वाढला, आणि सरहद्दीवर होता म्हणूनच लिहायचा राहून गेला.

नकाशा समोर धरला की निम्मे काम होते. माहूरचे डोंगर पैनगंगेच्या वळणात उभे आहेत. आज धनोड्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ, सुरू होतो. मध्ययुगातही इथे वऱ्हाड, तेलंगण आणि गोंडवन यांच्या कडा एकमेकींना भिडत होत्या. इतिहासकार फिरिश्त्याच्या तवारिखेनुसार अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास माहूरवर स्वारी केली. पुढे वजीर महमूद गवानने बहमनी राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ तरफा केल्या. त्यात वऱ्हाडाचे दोन तुकडे झाले, एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. गाविलगड फतहुल्ला इमादउल्मुल्काकडे गेला, माहूर खुदावंदखान हबशीकडे. गवान १४८१ मध्ये मारला गेला. फतहुल्लाने पुढे इमादशाही उभी केली, म्हणून गाविलगडाला राजघराण्याचा इतिहास मिळाला. माहूरच्या वाट्याला तसे घराणे आले नाही. पण वाटणीच्या वेळी दोन्ही ठाण्यांचा मान सारखा होता, हे विसरून चालणार नाही.

मोगलांनीही तो मान ठेवला. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये माहूर आहे, आणि डोंगरावरचा बळकट किल्ला व त्याच्या लगतचे देवीचे देऊळ या दोहोंची नोंद आहे. जाता जाता तिथल्या म्हशींचीही तारीफ आहे: अर्धा मण आणि त्याहून जास्त दूध देणाऱ्या. अकबरी मण साधारण पंचवीस किलोंचा धरला तर हे बारा-साडेबारा किलो होते, आणि कारकुनाने थोडे वाढवून लिहिले असले तरी रान चरायला चांगले होते एवढे नक्की. सगळ्यात बोलका पुरावा मात्र १६२३ चा आहे. बापाविरुद्ध बंड करून हरलेला शाहजादा शाहजहान बुऱ्हाणपुराहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्याने आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात तिथल्या देशमुख उदारामाच्या हवाली केले आणि तो कुतुबशाही मुलुखात शिरला. ही हकिगत खुद्द जहांगीराच्या आठवणींत आहे. सामान ठेवायला शाहजाद्याने माहूरच का निवडले? कारण मोगली मुलुखाची कड तिथे संपत होती आणि पुढे दुसऱ्याचे राज्य होते. या उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई म्हणजे रायबागन, जी २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेबरोबर शिवाजी महाराजांच्या कोंडीत अडकली होती. मराठी वाचकाला माहूरची देशमुखीण उंबरखिंडीमुळे माहीत असते, तिच्या किल्ल्यामुळे नव्हे.

यावर पहिली हरकत अशी येते की किल्ला मुळात गोंडांचा, बाकीचे फक्त येऊन गेले. लोकपरंपरा तसे सांगते आणि ती खोडून काढायचे मला कारण दिसत नाही. पण पहिला दगड कोणी ठेवला आणि एवढा पसारा कशासाठी वाढला, हे प्रश्न वेगळे आहेत. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: देवीच्या क्षेत्रामुळेच किल्ल्याला महत्त्व आले. तसे असते तर देऊळ तटाच्या आत असायला हवे होते. ते वेगळ्या टेकडीवर, तटाबाहेर आहे. किल्ला लागून असलेल्या दोन सोंडांवर पसरला आहे. पूर्व-पश्चिमेला तुटलेले कडे, म्हणून बांधकामाचा जोर उत्तर-दक्षिणेच्या तटबुरुजांवर. म्हणजे माणूस जिथून चढू शकेल तिथेच चुना-दगड खर्ची घातला आहे. मध्यावर इंजाळा तलाव, कारण पाण्यावाचून शिबंदी टिकत नाही. मशीद, कोठार, शस्त्रागार यांचे अवशेष आहेत. एवढा सरंजाम देवळाच्या राखणीला लागत नाही. हत्ती दरवाजाजवळचा महाल तर मुद्दाम पाहण्याजोगा आहे. अधिकाऱ्याचा वाडा सहसा गडाच्या सुरक्षित पोटात असतो. इथे तो दाराशी आहे. माझा अर्थ असा की इथल्या कारभाऱ्याचे मुख्य काम लपणे नव्हते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणे होते. या महालाला चिनी महाल म्हणतात. दख्खनेत हे नाव चीन देशावरून नव्हे, झिलईच्या रंगीत फरशांवरून पडते. दौलताबादेत त्याच नावाचा महाल आहे आणि बहमनींच्या राजधानीत, बीदरला, गवानच्या मदरशावर तसल्या फरशा आजही टिकून आहेत. म्हणजे माहूरच्या ठाणेदाराची आवडनिवड राजधानीच्या चालीची होती.

मग एवढे मोठे ठाणे कागदावर इतके कमी का? कारण आपला इतिहास घराण्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हिशेबाने लिहिला जातो. माहूर मोगलांच्या वऱ्हाडात होता, निजामाच्या काळात तो ज्या किनवट तालुक्यात होता तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तालुका नांदेडात आला. वऱ्हाडच्या इतिहासकाराला तो मराठवाड्याचा वाटला, मराठवाड्याच्या इतिहासकाराला तेलंगणाचा, आणि तेलंगणाच्या दृष्टीने तो १९५६ लाच परका झाला. माहूर तालुका वेगळा झाला तोही १९९९ मध्ये, हिमायतनगरबरोबरच.

शोधायला जागा मात्र आहे. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या मोगल दफ्तराचे लाखाहून जास्त कागद आज हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. बहुतेक सगळे फारसी. नांदेडच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-चौघांनी जरी ती भाषा शिकायचे मनावर घेतले, तरी माहूरच्या शोधाची सुरुवात तिथून होऊ शकेल.