पाच मिनिटांची कांडी

एकाच गावात, एकाच पाळीत एक विणकर दुसऱ्याच्या कितीतरी पट कापड काढतो, असं ऐकलं आणि राहवेना. हात तर दोघांनाही दोनच. म्हणून ते यंत्रमागांचं गाव, इचलकरंजी, गाठलं.

पत्र्याच्या शेडमध्ये शिरले तर खडखडाटाने कानठळ्या बसल्या. पन्नाशीचे एक मामा सहा माग सांभाळत होते. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पाच मिनिटांत कांडी सरतीया, ताई." कांडी म्हणजे धोट्यात बसणारी आडव्या सुताची नळी. ती सरली की माग थांबवायचा, धोटा उचलायचा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवायची, सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढून घ्यायचं आणि माग पुन्हा चालू करायचा. सहा माग आणि पाच मिनिटं, म्हणजे एका मागाच्या वाट्याला पन्नास सेकंद. त्यातच ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, तुटलेला धागाही सांधायचा. मामांच्या बोटांच्या पेरांवर सुताने कापल्याच्या बारीक रेघा होत्या.

दुपारी एअरजेट मागांच्या शेडमध्ये गेले. तिथे धोटाच नाही. बाजूच्या मोठ्या कोनवरचं सूत हवेच्या झोताने थेट पलीकडे जातं. जुना माग मिनिटाला दीडशेच्या आसपास आडवे धागे टाकतो, हा सहाशेच्या वर. पण वेगाहून मोठी गोष्ट म्हणजे इथे दर पाच मिनिटांनी कांडी बदलणं नाही. धागा तुटला की दिवा लागतो, तेवढ्यापुरतं तिथला मुलगा जातो. तो मामांपेक्षा जास्त राबत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. न थांबता धोटा आपोआप बदलणारा टोयोडांचा माग जपानमध्ये १९२४ सालीच तयार झाला. तरी मामा अजून हाताने कांडी बदलतात. एअरजेटला मोठं भांडवल लागतं, कॉम्प्रेसर लागतो, अखंड वीज आणि चांगलं सूत लागतं. खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देत, चार-सहा माग चालवणाऱ्या मागवाल्याने हे कुठून आणायचं? त्यापेक्षा मामांचा हात स्वस्त पडतो. 'आपल्या कामगाराची उत्पादकता कमी' असं कुणी म्हणालं की म्हणूनच मला राग येतो. मामांची मजुरी तर मीटरवर आहे, माग थांबला की तीही थांबते; मग ते हात का आखडतील?

निघताना पुन्हा मामांकडे गेले. पोराला एअरजेटवर लावायचंय म्हणाले. "पर तितं माणसंच कमी लागत्यात." पुढचं काही बोलणार तोच तिसऱ्या मागाची कांडी सरली आणि ते तिकडे वळले.